तुतीचं धनुष्य, बावीस किलो

आमच्या दुकानात माणूस येतो तो हातात काहीतरी मोडकं घेऊनच. कुदळ, फावडं, कुऱ्हाड, हातोडा. मोडलेला दांडा टेबलावर आपटायचा आणि "असला कसला दांडा दिला हो?" म्हणून भांडायला लागायचं. मग मी त्याच्याहून मोठ्या आवाजात भांडते, दांडा कुणाच्या चुकीनं मोडला ते दाखवते आणि तो मुकाट्यानं नवा दांडा घेऊन जातो. हा मात्र रिकाम्या हातांनी आला. दारातल्या फळीला अडखळला, फळीलाच "सॉरी" म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुम्ही धनुष्य बनवता का?"

इतका वेडगळ प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी "हो" म्हणाले.

आबा, म्हणजे माझे वडील, मागे कानस चालवत होते. कानस थांबली.

"कोण बनवतं धनुष्य?"

"आपण."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजोबांच्या काळापासून आम्ही एकच गोष्ट विकतोय, न वाकणारं लाकूड. वाकणारी फळी सापडली की आबा तिला शिव्या घालत कोपऱ्यात भिरकावतात. आणि घराचा एक नियम आहे, तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. यालाही ऐकवला. "आमच्याकडची वस्तू आधी आम्ही पूर्ण जोर लावून वापरून बघतो, मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतो. धनुष्य कोण ओढून बघणार? मी? या खांद्यानं?" आबांचा उजवा हात कित्येक दिवसांत खांद्याच्या वर गेलेला नाही.

"बघू की," मी म्हणाले. तोंडाला कुलूप लावायला हवं होतं, पण त्या दिवशी किल्लीच हरवली होती.

"चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान माझं," तो सांगायला लागला. "दिवसभर डोळ्याला भिंग आणि भिंगापुढे चाकं. माझं सगळं जग बोटभर अंतरावर आहे हो! म्हणून रविवारी सकाळी मैदानावर जायला लागलो, धनुष्यबाणवाल्यांकडे. तिथं लांबचं बघायला मिळतं. पण त्यांची अट आहे, धनुष्य लाकडाचंच हवं, हातानं बनवलेलं आणि ज्याचं त्याचं. मी आपला किती दिवस दुसऱ्यांचं मागणार?" हे सांगताना तो इतका खूश दिसत होता की मला उगाचच हसू फुटलं. मला फुटलं म्हणून त्यालाही फुटलं. आबा दोघांकडे बघत राहिले आणि "कठीण आहे" एवढंच म्हणाले.

तो गेल्या गेल्या वहिनी जिन्यावरून धडधडत खाली आली.

"वन्सं, बऱ्या आहात ना?"

"मला काय झालंय?"

"गिऱ्हाईक येऊन गेलं आणि भांडणाचा आवाज नाही. मला काळजी वाटली."

आता लपवण्यात काय अर्थ आहे? मला तो आवडला. बेचाळिसाव्या वर्षी, केसांत भुसा असताना, तो फळीला सॉरी म्हणाला त्या क्षणी आवडला. आणि आवडल्याबरोबर मला धसका बसला तो माझ्याच हातांचा.

माझे हात म्हणजे हात आहेत. लहानपणापासून दुहाती सुरीनं लाकूड तासलंय, ओंडके फोडलेत, गाड्या भरल्यात. माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. पहिला घर बदलत होता. चार गडी जिन्यात कपाट अडकवून बसले होते, मला बघवेना. "सरका," म्हटलं आणि नेलं वर. लग्न मोडलं, कपाट नाही. दुसऱ्यानं थट्टेत पंजा लढवायला बोलावलं, आणि मी मूर्ख, जिंकले. हरायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! तो हात चोळत उठला तो पुन्हा आलाच नाही.

म्हणून मी ठरवलं, या घड्याळजीला माझं बळ दिसू द्यायचं नाही. निदान तो विचारेपर्यंत तरी.

"काय विचारेपर्यंत?" वहिनी म्हणाली.

"विचारेलच ना काहीतरी!"

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. उतावळी नवरी आज बघितली," म्हणत ती हसत हसत जिना चढली, आणि वर जाऊन दादाला सगळं सांगितलंन. दादा दोन दिवस माझ्याकडे बघून शीळ घालत होता.

लाकूड निवडायला तो आला त्या दिवशी मी ऐन उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घातला होता. घामानं जीव जात होता, पण हात झाकलेले होते. आबा आधी "मी यात नाही" म्हणून पाठ फिरवून बसले. पण लाकडाचा विषय निघाला आणि आबा गप्प बसले, असं कधी झालंय?

घड्याळजीला पहिल्यांदा शिसव आवडलं. "काय रंग आहे हो! काय रेषा आहेत!"

"रंगानं बाण जातो का?" आबा भिंतीकडे बघतच गरजले. "शिसव जड. बाण सोडलात की ते आधी स्वतःचंच ओझं ढकलत बसणार. बाणाला काय देणार, कपाळ?"

बाभळीचे तुकडे होते ते सगळे दांड्याच्या मापाचे, आखूड. बांबू म्हणावा तर मैदानावरचे म्हातारे बांबूला गवत म्हणतात आणि चालू देत नाहीत. तिघंही लाकडांच्या राशीपुढे डोकं खाजवत उभे राहिलो. मग माझी नजर आबांच्या नावडत्या कोपऱ्याकडे गेली. तिथं तुतीचा एक उभा फोडलेला ओंडका पडून होता. वाकतो म्हणून दांड्यांना नको झालेला. त्याची एक चीप काढून मी शिकंज्यात धरली, हळूच वाकवली, आणखी वाकवली आणि सोडली. ती सण्णकन सरळ झाली आणि कितीतरी वेळ थरथरत राहिली.

"अहाहा!" घड्याळजी म्हणाला.

"नालायक," आबा म्हणाले, पण इतक्या कौतुकानं की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

घड्याळजी सरळ जमिनीवर आडवा झाला. चांगले कपडे, खाली भुसा, त्याला पर्वाच नाही. डोळ्याला भिंग लावून ओंडक्याचं टोक बघायला लागला. "हे पट्टे काय आहेत? एक जाड, एक बारीक?"

"एकेक पट्टा म्हणजे झाडाचं एकेक वर्ष," मी शक्य तितक्या नाजूक आवाजात सांगितलं. जिन्यात वहिनी खोकली. "धनुष्य ओढलं की तुमच्याकडची बाजू दाबली जाते, ते पोट. पलीकडची ताणली जाते, ती पाठ. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वर्ष हवं. मधे कुठे ते कापलं गेलं की तिथूनच तडा जाणार."

"मग हे वर्ष घ्या! सालीपासून चौथं. सगळ्यात जाडजूड आहे. बघा, बघा ना!"

बघायला मी वाकले, तो उठला, आणि आमची डोकी अशी आपटली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आम्ही दोघं कपाळ धरून खाली बसलो आणि हसत सुटलो. हसू आवरेचना. जरा थांबलं की एकमेकांकडे बघायचं आणि पुन्हा सुरू. आबांनी तेवढ्यात चहा मागवला, त्यांनाही काहीतरी करायला हवं होतं ना.

मग ओंडका बाहेर उजेडात न्यायचा होता. मी तो काखोटीला मारून नेला असता. "अगं बाई, केवढा जड!" मी म्हणाले. हे वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते. आबांच्या बशीतला चहा त्यांच्या धोतरावर सांडला. घड्याळजी धावत आला, ओंडका छातीशी कवटाळला, पाय लटपटले, मान लाल झाली, आणि "काही नाही, हलकाच आहे" असं म्हणत तो दारापर्यंत कसाबसा पोहोचला. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

आता माप. दांडा असो की धनुष्य, आम्ही माणूस मापल्याशिवाय लाकडाला हत्यार लावत नाही. काठीचं टोक छातीच्या मध्यावर टेकवायचं, हात पुढे करून काठी दोन तळव्यांत धरायची, बोटं संपतात तिथवर तो माणूस बाण ओढणार. काठी टेकवायला मला त्याच्या अगदी जवळ उभं राहावं लागलं. मी छताकडे बघत होते. त्याची छाती काठीखाली फुगत गेल्याचं मला जाणवलं, पण मला वाटलं माणूस लाजाळू आहे, लाजताना फुगत असेल.

"एकोणतीस इंच," मी छताला सांगितलं. "आणि वजन किती ओढता?"

"बावीस," तो श्वास रोखून म्हणाला. "किलो."

बावीस किलो! मी मनातल्या मनात उडीच मारली. बावीस किलो ओढणाऱ्या माणसापुढे माझे हात काय, झाकून जातील. देवानं माप बघून माणूस पाठवला, असं मला वाटलं.

आकाराचं मग भराभर ठरलं. लांबी माझ्या उंचीएवढी, कारण बाण लांब ओढायचा तर धनुष्यही लांब हवं, नाहीतर लाकडावर फार ताण पडतो. मूठ अरुंद आणि ताठ. मुठीच्या वर आणि खाली पसरट पाती, टोकांकडे निमुळती होत जाणारी. त्याला टोकं पुढे वळवलेली हवी होती, नक्षीदार.

"पहिल्याच धनुष्याला? नाकापेक्षा मोती जड!" मी म्हणाले, आणि जीभ चावली, कारण नाजूक आवाज विसरले होते. त्याला मात्र ते फारच आवडलेलं दिसलं. जाताना रस्त्यावरून "नाकापेक्षा मोती जड" असं स्वतःशीच म्हणत गेला.

पुढचे दिवस कसे गेले मला विचारू नका. मी गात होते. मला गाता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. साल काढली, वरची तीन वर्षं तासली, आणि चौथं लागल्यावर सुरी बाजूला ठेवून नुसत्या घासणीनं ते उघडं केलं. आतून पिवळंधमक. एक गाठ लागली, तिच्याभोवती लाकूड मुद्दाम जास्त ठेवलं, तिथं पाठ जराशी फुगीर राहिली. आबांना ती गाठ बघवत नव्हती. "एक रंधा मारू का? फक्त एकच? सपाट होईल," असं ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. आयुष्यभर सगळं गुळगुळीत करत आलेला माणूस! मी रंधा लपवून ठेवला.

मग पोट पातळ करायचं. धनुष्य भिंतीला टांगायचं, दोरी थोडी ओढायची, दोन्ही पाती सारखी वाकतात का बघायचं. जे ताठ राहील तिथं काचेच्या धारेनं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. घड्याळजी रोज काही ना काही निमित्तानं यायचा. एकदा दोरी दाखवायला, एकदा तीच दोरी परत न्यायला, एकदा नुसताच. ताकाला येऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. "चौकातली घड्याळं आपली आपणच चालायला लागली वाटतं," आबा म्हणायचे. तो जायला निघाला की मला वाटायचं आता विचारेल, आता विचारेल. आणि तो विचारायचा, "उद्या आलो तर चालेल?"

धनुष्य तयार झालं आणि घराचा नियम आडवा आला. पूर्ण ओढून बघितल्याशिवाय द्यायचं नाही. दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी मागच्या अंगणात गेले, बाह्या वर केल्या आणि ओढलं. आहा! कुठे अडखळणं नाही, कुठे हिसका नाही. एकोणतीस इंचांवर दोरी बरोबर माझ्या गालाला टेकली. काटा लावून बघितलं, बावीस किलो. मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. वळून बघते तर दारात आबा.

"तुझ्याच मापाचं झालंय," ते म्हणाले.

"त्याच्या मापाचं आहे. त्याला सांगू नका मी ओढलं ते."

मी बाह्या खाली करेपर्यंत आबा माझ्याकडे बघत राहिले आणि आत गेले.

रविवारी सकाळी मैदानावर जायच्या आधी तो धनुष्य न्यायला आला. नवा शर्ट, केस ओले, हातात तीन बाण. आम्ही मागच्या अंगणात भुशाचं पोतं टांगलं होतं. वहिनी आणि दादा खिडकीत होते आणि खिडकीत नसल्याचं सोंग करत होते. मी धनुष्य त्याच्या हातात दिलं. त्यानं पाठीवरून बोट फिरवलं, गाठीशी थांबला, "कित्ती सुंदर" म्हणाला, बाण लावला आणि ओढलं.

दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. त्याचे हात थरथरायला लागले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं सोडून दिलं, हसला, पुन्हा ओढलं. पुन्हा अर्ध्यावरच.

"दोरी नवी आहे ना," तो म्हणाला.

"हो, नव्या दोरीचं असंच असतं," मी म्हणाले. नव्या दोरीचं असं काहीही नसतं.

तिसऱ्यांदा ओढताना त्याच्या घशातून असा आवाज निघाला की खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं धनुष्य खाली केलं. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी बावीस ओढत नाही. मैदानावर मला बारा किलोंचं देतात आणि तेही एक आजीबाई देतात, त्यांचं जुनं. आणि तुम्ही माप घेतलंत तेव्हा मी छाती फुगवली होती, हातही ताणले होते."

"कशाला?"

"तुम्ही होतात म्हणून!" तो जवळजवळ ओरडलाच. "दुसरं कुणी असतं तर कशाला फुगवली असती?"

मला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. अहो, माझ्यासाठी कुणी छाती फुगवली होती! मी म्हणाले, "त्यात काय एवढं! काचेची धार मारते, अर्ध्या तासात बारा किलो करून देते." आणि काच घ्यायला वळले. तेवढ्यात तो म्हणाला, "पण मग हे पूर्ण ओढून कोणी बघितलं? तुमचा नियम आहे ना?"

आता सांगितलं की संपलं, पुन्हा तेच, पुन्हा एक माणूस हात चोळत दारातून बाहेर, आणि हा गेला तर मला सोसवणार नव्हतं.

"मी ओढलं," आबा म्हणाले.

ते पुढे आले. "मीच ओढलं. असं," म्हणत त्यांनी उजवा हात वर उचलायला घेतला. हात खांद्याशी पोहोचला आणि अडकला, आणि त्यांच्या तोंडावर कळ उमटली. तरी ते हात वर रेटत होते. लाकडाबद्दल माझ्या बापानं कधी खोटं सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी नाही, धंदा बसला तरी नाही. आणि आज माझ्यासाठी, त्या मेलेल्या खांद्यानं, तो खोटा हात वर करत होता. मला रडू फुटलं आणि त्याच्याबरोबर असा संताप आला की मी त्यांचा हात धरून खाली केला.

"गप्प बसा, आबा. मी ओढलं."

बाह्या कोपराच्या वर सारल्या. धनुष्य त्याच्या हातातून घेतलं, बाण लावला आणि ओढलं, पूर्ण, गालापर्यंत. तसंच धरून उभी राहिले, बघायचं ते त्यानं नीट बघून घ्यावं म्हणून. मग सोडलं. बाण पोत्यातून आरपार गेला आणि मागच्या कुंपणात रुतला. पोत्याच्या भोकातून भुशाची धार लागली.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. कुंपणाकडे बघत उभी राहिले आणि पावलांचा आवाज ऐकत होते. ती दाराकडे गेली नाहीत. ती धावत कुंपणाकडे गेली. त्यानं दोन्ही हातांनी, पाय कुंपणाला लावून, धापा टाकत बाण उपसला आणि तसाच धावत परत आला. केसांत भुसा, शर्टाला भुसा, आणि तोंडभर हसू. बाण माझ्यापुढे धरला.

"पुन्हा," तो म्हणाला.

"काय?"

"पुन्हा ओढा ना! मला नीट बघायचंय. मी जरा बाजूला उभा राहू का? इथून दिसेल का सगळं?"

माझं बळ बघून लोक आजवर गप्प झाले होते, हसले होते, निघून गेले होते. पुन्हा दाखव असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. माझ्याकडून बाण दोरीत बसेना, तो त्यानंच बसवून दिला. खिडकीतून वहिनी ओरडली, "वन्सं, रडायचं नंतर, आधी मारा!" आबा नाक शिंकरत पोत्याचं भोक बुजवायला गेले होते.

"आबा, सरका तिथून," मी म्हणाले, आणि ओढलं.